पहिल्या चाळीस तासांचा प्रश्न

घरी बांधलेलं विमान म्हटलं की ऐकणाऱ्याला पहिली शंका येते ती पंखांची. हौशी माणसानं गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकून जोडलेला पंख हवेत निखळला तर? शंका साहजिक आहे, पण अपघातांच्या नोंदी तिला फारसा आधार देत नाहीत. अशा विमानांची सर्वांत मोठी संख्या अमेरिकेत आहे आणि तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ साली त्यांच्या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये तिथल्या छोट्या, बिगर-व्यापारी विमानांच्या ताफ्यात हौशी बनावटीची विमानं जेमतेम १० टक्के होती. एकूण अपघातांत मात्र त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के होता आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. या अपघातांत दोन प्रकार बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे होते: इंजिनाची ताकद जाणं आणि उडत्या विमानावरचा ताबा सुटणं. शिवाय हे अपघात विमानाच्या आयुष्यभर सारखे विखुरलेले नव्हते. नव्या विमानाच्या पहिल्या काही तासांत, किंवा जुनं विमान नव्या मालकाकडे गेल्यावरच्या पहिल्या काही तासांत त्यांची दाटी होती. यावरून मला असं दिसतं की हौशी माणसाच्या हातात कसब असतं, चिकाटीही असते. कमी पडतो तो बांधलेलं विमान उडवून तपासण्याचा अभ्यास. चाचणी-उड्डाण म्हणजे बांधणी संपल्यावर मिळणारं बक्षीस, ही समजूत या छंदात खोल रुजली आहे. ते बांधणीतलंच शेवटचं आणि सर्वांत अवघड काम आहे, असं धरून चाललं तर यातले बरेच जीव वाचतील.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेच्या नियमानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी, केवळ शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बनवलेला असला पाहिजे. ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणून तो ओळखला जातो. पोलादी नळ्या आणून सगळं स्वतः जोडा, नाहीतर कारखान्यातून तयार भागांचा संच मागवा, निम्म्याहून जास्त काम तुमचं हवं. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी इथं एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. ऑशकॉश गावात दर उन्हाळ्यात भरणारा तिचा मेळा आज या मंडळींची पंढरी आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीचे ‘आरव्ही’ मालिकेतले संच वापरून बांधलेली विमानं तर दहा हजारांच्या वर उडाली आहेत. असं दोन आसनी विमान पुरं व्हायला दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी-संसार सांभाळून करणाऱ्याची त्यात पाच-सात वर्षं जातात. सरकारी निरीक्षक कागद आणि विमान पाहून प्रमाणपत्र देतो, कॉकपिटच्या दाराशी ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, आणि मग चाचणीचा पहिला टप्पा सुरू होतो. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास, नसेल तर ४० तास, ठरवून दिलेल्या प्रदेशातच उडायचं आणि प्रवासी घ्यायचा नाही. व्यवस्था समंजस आहे. पण या पाच-सात वर्षांत शनिवार-रविवार आणि शिलकीतले पैसे वर्कशॉपमध्ये गेलेले असतात, हे तिच्यात कुठेच मोजलं जात नाही. विमान तयार होतं तेव्हा बांधणाऱ्याचा रिव्हेटगनवरचा हात कधी नव्हे इतका बसलेला असतो आणि विमानाच्या दांडीवरचा हात कधी नव्हे इतका सुटलेला. अशा अवस्थेत तो आजवर कुणीच न उडवलेल्या यंत्रात एकटा बसतो.

वर्कशॉपमधला एखादा साधा निर्णय हवेत कसा उलटतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७ या दिवसाचं आहे. गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्याजवळ ‘लाँग-ईझी’ जातीच्या विमानातून समुद्रात कोसळून गेले. बर्ट रुटान यांनी आखलेलं हे विमान दिसायला जगावेगळं: छोटा पंख पुढे नाकाशी, मोठा मागे, फिरणारा पंखा अगदी शेपटाकडे. डेन्व्हर यांनी ते बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं, आणि आदल्या दिवशी जेमतेम अर्ध्या तासाची ओळख करून घेतली होती. डाव्या-उजव्या टाक्यांपैकी कुठल्या टाकीतलं इंधन इंजिनाला द्यायचं, ते ठरवणारा व्हॉल्व्ह रुटान यांच्या आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता. मूळ बांधणाऱ्यानं तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या आडभिंतीवर बसवला. त्यामागचा विचार वाईट नव्हता, इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत एवढाच होता. पण त्यामुळे टाकी बदलायची तर वैमानिकाला खांद्याचा पट्टा सोडून, अंग मागे वळवून तिथवर हात न्यावा लागे. व्हॉल्व्हची मूठही जड फिरे. उड्डाणापूर्वी पकड लावून तिची लांबी वाढते का, हेही पाहून झालं होतं. ते जमलं नाही. इंधन दाखवणाऱ्या काचा पाठीमागे, म्हणून तंत्रज्ञानं एक छोटा आरसा दिला. इंधन कमी आहे हे त्यानं सांगितलं, तेव्हा तासाभराचंच उडणं आहे म्हणून भरायची गरज नाही असं ठरलं. तपास करणाऱ्यांनी तशाच विमानात बसून मागे वळून पाहिलं, तेव्हा शरीराला आधार देताना उजवा पाय आपसूक उजव्या, म्हणजे नाक उजवीकडे वळवणाऱ्या रडर-पेडलवर दाबला जात होता. मंडळाचा निष्कर्ष तोच: व्हॉल्व्ह फिरवण्याच्या खटपटीत लक्ष उडवण्यावरून गेलं, नकळत रडर दाबला गेला आणि ताबा सुटला. या सगळ्यात पंख मोडला नाही, कुठला रिव्हेट सुटला नाही. व्हॉल्व्ह कुठे बसवावा हा प्रश्न बांधणाऱ्यानं प्लंबिंगचा म्हणून सोडवला. तो उड्डाणाचा प्रश्न होता. पट्टा बांधून, डोळे समोर ठेवून, एका हातानं हे करता येईल का, असं खुर्चीत बसून एकदा विचारलं असतं तर उत्तर जमिनीवरच मिळालं असतं.

इंधनाच्या बाबतीत हौशी बांधणाऱ्यांची जी प्रश्नोत्तरं चालतात ती बहुतेक नळीच्या जाडीवर, पंपाच्या बनावटीवर, पेट्रोलपंपावरचं इंधन चालेल की नाही यावर. हे प्रश्न खरे आहेत; मोटारीच्या इंधनात उन्हाळ्यात वाफ धरून नळी तुंबू शकते आणि त्यातलं इथेनॉल काही रबरी भागांना मानवत नाही. पण त्याहून निर्णायक प्रश्न असा: धावपट्टी सोडताना, नाक वर असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना इंजिनाला जितकं लागतं त्याहून पुरेसं जास्त इंधन कार्बुरेटरपर्यंत पोचतं का? अमेरिकी विमान प्रशासनाची चाचणी-पुस्तिका याची जमिनीवरची परीक्षा सांगते. विमानाचं नाक चढाईच्या सर्वांत तीव्र कोनाहून थोडं अधिक वर उचलून ठेवायचं, नळी इंजिनापाशी सोडवायची, टाकीत तळाशी इंधन ठेवायचं आणि ठरावीक वेळात भांड्यात किती जमतं ते मोजायचं. केवळ गुरुत्वानं उतरणाऱ्या इंधनासाठी हा ओघ पूर्ण ताकदीच्या गरजेच्या दीडपट हवा, पंप असेल तर सव्वापट. या परीक्षेला अर्धा दिवस लागतो आणि खर्च काहीच नाही. तरीही २०१२ च्या अभ्यासात मंडळाला अशी शिफारस करावी लागली की इंधनव्यवस्थेची चाचणी केल्याचा पुरावा प्रमाणपत्रापूर्वी मागावा. विमान जमिनीवर सपाट उभं असताना इंजिन सुरळीत चाललं म्हणून काम भागलं असं मानणाऱ्याला तीनशे फुटांवर पहिल्यांदा कळतं की चढताना टाकीचं तोंड इंजिनाच्या खाली गेलं.

आता त्या तीनशे फुटांवर थांबू, कारण हौशी वैमानिकांमधला सर्वांत जुना वाद तिथलाच आहे. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर समोर जे मिळेल तिथं उतरायचं, की वळून धावपट्टीकडे यायचं? मन मागे ओढतं, कारण समोर शेत, झाडं, वस्ती, आणि मागे लांबच लांब सुरक्षित डांबर. पण हिशेब मनाच्या बाजूचा नाही. अर्धवर्तुळ काढून तुम्ही धावपट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला समांतर येता. म्हणजे १८० अंशांहून बरंच जास्त वळायचं आणि मग पुन्हा उलटं थोडं वळायचं. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर केलं होतं, त्यामुळे परतताना वारा पाठीशी येतो आणि जमीन नेहमीपेक्षा वेगानं सरकताना दिसते. ती पाहून वेग जास्तच आहे असं वाटतं आणि हात दांडी मागे ओढतो. शिवाय वळण जितकं तिरकं, तितका स्टॉलचा वेग वाढतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. सरळ उडताना जे विमान ५० नॉटला स्टॉल होतं ते उंची टिकवत ४५ अंश कललं की सुमारे ६० नॉटला होतं, आणि ६० अंश कललं तर ७१ नॉटला. इंजिन बंद, उंची थोडी, वळण तीव्र, दांडी मागे: हवेतला ताबा सुटणं म्हणतात ते पुष्कळदा इथंच घडतं.

कधीच वळू नये असं मी म्हणणार नाही. पुरेशी उंची असेल तर वळणं शक्य असतं. पण पुरेशी म्हणजे किती, याचं उत्तर पुस्तकात किंवा दुसऱ्याच्या अनुभवात शोधणं घातक आहे. ते आपल्याच विमानात, चार हजार फुटांवर मोजता येतं. चढाईच्या वेगात थ्रॉटल बंद करायचा, धक्का बसल्यावर माणूस जितका गोठतो तितके चार-पाच सेकंद काहीच करायचं नाही, मग वळायचं आणि किती फूट गेले ते पाहायचं. हे दोन-चारदा करून जो आकडा येईल त्यात भरपूर भर घालायची, आणि त्या उंचीच्या आत काहीही झालं तरी समोरच उतरायचं हे उड्डाणापूर्वी मोठ्यानं बोलून ठरवायचं. तारेवर चालणाऱ्यानं आधी तार जमिनीपासून हातभर उंचीवर बांधावी तसं हे आहे. फरक इतकाच की इथं सुरक्षितता उंचीत आहे.

वेगाच्या आकड्यांचंही तसंच. एकाच संचातून उभी राहिलेली दोन विमानंही सारखी नसतात. एकात मोठी बॅटरी शेपटाकडे, दुसऱ्यात रंगाचे दोन थर जास्त, तिसऱ्यात हवेचा दाब घेणारं छिद्र दोन इंच पुढे. हे छिद्र चुकीच्या जागी असलं की वेगाचा काटा खोटं बोलतो. म्हणून शेजाऱ्याच्या आरव्हीचा उतरण्याचा वेग आपल्याला लागू पडेल हे गृहीत धरू नये. सुरक्षित उंचीवर हळूहळू वेग कमी करत आपल्या काट्यावर स्टॉल किती आकड्याला होतो ते पाहायचं आणि त्याच्या सुमारे १.३ पट वेगानं उतरायला यायचं. आकडा आणि गुणाकार दोन्ही एकाच काट्यावरचे असल्यानं काट्यातली बरीचशी चूक अशा रीतीनं पदरात घेता येते. वजनाचं गणित त्याहूनही कडक आहे. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून विमान तोलायचं आणि गुरुत्वमध्य आराखड्याच्या हद्दीत आहे की नाही ते काढायचं. तो हद्दीबाहेर मागे असेल तर नाक स्वभावतःच वर जाऊ पाहतं, आणि एकदा स्टॉल होऊन विमान गिरकी घेऊ लागलं की नाक खाली आणायला शेपटाचा जोर पुरत नाही. यावर हवेत उपाय नाही.

पहिल्या उड्डाणात आणखी एक अडचण दडलेली असते आणि ती फार थोड्यांना आधी सुचते. नव्या इंजिनाच्या पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतींशी घासून एकजीव व्हायला पहिल्या तासांत जोरदार दाब लागतो, म्हणजे इंजिन भरपूर ताकदीवर चालवायला हवं. हळू चालवलं तर भिंतींवर जळक्या तेलाचा चकचकीत थर चढतो आणि इंजिन जन्मभर तेल खात राहतं. जमिनीवर बराच वेळ चालवून पाहावं म्हटलं तर पुरेशी थंड हवा मिळत नाही आणि ते तापतं. वैमानिकाला मात्र नव्या विमानाशी ओळख करून घेण्यासाठी सावकाश उडायचं असतं. दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध खेचतात. तोडगा असा की पहिल्या उड्डाणावर सगळी जबाबदारी टाकायचीच नाही. विमानतळावरच घिरट्या घालत तापमान-दाबाचे काटे आणि दांडीची प्रतिक्रिया तपासायची, उंचीवर थोडा वेळ उतरण्याच्या वेगाजवळ उडून पाहायचं आणि खाली यायचं. पूर्ण स्टॉल, तीव्र वळणं, जास्त वजन, सगळं पुढच्या उड्डाणांना. धावपट्टीवर वेगानं धावून ‘जरासं उचलून पाहू’ हा मोह टाळलेला बरा. उडायचं ठरलेलं नसताना उडालेलं विमान उरलेल्या अर्ध्या धावपट्टीवर कसं थांबवायचं याची योजना कुणाकडेच नसते.

यावर पहिला आक्षेप मनापासूनचा असतो, आणि त्याला आदरानंच उत्तर द्यायला हवं. ज्यानं सात वर्षं खपून विमान उभं केलं, त्याचा प्रत्येक खिळा ज्याला ठाऊक आहे, त्यानंच ते पहिल्यांदा उडवावं. हा त्याचा हक्क आहे आणि बिघाड ओळखण्यात त्याच्याइतका तयार दुसरा कोण? हक्काबद्दल वाद नाही. पण विमान ठाऊक असणं आणि त्या जातीच्या विमानाच्या उडण्याची सवय असणं ही दोन ज्ञानं एका माणसात असतीलच असं नाही. अमेरिकेत बराच काळ चाचणीच्या टप्प्यात दुसऱ्या माणसाला बसवायला बंदी होती, त्यामुळे बांधणाऱ्यापुढे दोनच वाटा उरत: एकट्यानं उडवा किंवा दुसऱ्याला देऊन खाली उभे राहा. २०१४ मध्ये प्रशासनानं ठराविक पात्रतेचा एक जादा वैमानिक सोबत घ्यायला मुभा दिली. बांधणाऱ्याचं यंत्रज्ञान आणि दुसऱ्याची उडण्याची सवय एकाच कॉकपिटमध्ये आली, हक्कही गेला नाही. त्याआधी त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात प्रशिक्षकाबरोबर पाच-दहा तास उडून घेतले तर उत्तमच. तेवढ्याचा खर्च चांगल्या रेडिओ-संचाहून जास्त नसतो, आणि तसा रेडिओ तर सगळेच घेतात.

दुसरा आक्षेप असा की या छंदाचा जीव स्वातंत्र्यात आहे. चाचणीचे तक्ते, नोंदवह्या, शिफारशी वाढवत गेलात तर कारखान्यातलं विमान काय वाईट? मला हा आक्षेप इतिहासाला धरून वाटत नाही. या छंदाचे मूळ पुरुष राइट बंधू सायकलीच्या दुकानात काम करणारे हौशी बांधणारेच होते, आणि त्यांच्या काळातल्या इतरांहून त्यांचं वेगळेपण नेमकं याच शिस्तीत होतं. इंजिन बसवण्याच्या आदल्या वर्षी, १९०२ च्या शरद ऋतूत, त्यांनी किटी हॉकच्या वाळूवर इंजिनाविना शेकडो वेळा तरंगून तोल सांभाळणं शिकून घेतलं. यंत्र बांधणं आणि ते हाताळायला शिकणं त्यांनी एकच काम मानलं. खरा दोष असेल तर तो नुसते तास मोजण्यात आहे. चाळीस तास शांत हवेत गावाभोवती फेऱ्या मारल्या तरी नियम पुरा होत असे, आणि स्टॉलचा आकडा तरीही कुणाला माहीत नसे. २०२३ पासून प्रशासनानं पर्याय दिला: ठरलेल्या चाचण्यांची यादी पुरी करा, प्रत्येकीचे आकडे नोंदवा, त्यातून विमानाची स्वतःची पुस्तिका तयार करा, की टप्पा संपला. हौशी संघटनेनंही तशा चाचणीपत्रांचा संच सदस्यांना उपलब्ध केला आहे. हे स्वातंत्र्य कमी करणारं नाही. शिकण्यासाठी बांधतो असं सांगून ज्यानं प्रमाणपत्र घेतलं त्याला ते शिकणं पुरं करायला लावणारं आहे.

या पुस्तिकेचा दुसरा धनी म्हणजे विमान पुढे विकत घेणारा. २०११ च्या अपघातांतली निम्म्याहून अधिक विमानं बांधणाऱ्याच्या हातात नव्हतीच, जुनी म्हणून घेतलेली होती. विकणारा किल्ली देतो, थोडंफार समजावतो, आणि बाकी ज्ञान त्याच्या डोक्यातच राहतं. अशा खरेदीत विमानाइतकंच त्याच्या मोजलेल्या आकड्यांचं मोल आहे. ते नसतील तर नव्या मालकानं स्वतःला पहिल्या चाळीस तासांतच समजावं आणि सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्यात.

आपल्याकडे हा विषय लोकांना कळला तो कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. कांदिवलीच्या चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उडवण्याचा परवाना मिळाला. चर्चा झाली ती गच्चीची आणि परवान्यासाठी घालाव्या लागलेल्या खेट्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण या जातीचं दुसरं विमान जगात नाही, म्हणजे शेजाऱ्याला विचारायला एकही आकडा नाही, ही बाब चर्चेत क्वचितच आली. यादव स्वतः विमानकंपनीत मुरलेले वैमानिक, त्यामुळे दोन्ही कसबं एका माणसात होती. त्यांच्या मागून येणारा कुणी अभियांत्रिकीचा विद्यार्थी किंवा छोटा कारखानदार असेल, त्याच्याकडे ती असतीलच असं नाही, आणि मदतीला हजारो बांधणाऱ्यांची बिरादरीही नाही. बारामती, धुळे इथल्या धावपट्ट्यांवर वैमानिक घडवण्याचं काम चालतं. हलक्या विमानांत रोज स्टॉल शिकवणारे प्रशिक्षक तिथं आहेत. हौशी बांधणाऱ्यांसाठी आपल्याकडे पुढे नियम सुटसुटीत होतील तेव्हा परवान्याच्या अर्जासोबत चाचण्यांचा आराखडा, इंधनाच्या ओघाचे मोजलेले आकडे आणि अशा एखाद्या प्रशिक्षकाला शेजारी बसवण्याची मुभा, या तीन गोष्टी पहिल्याच मसुद्यात हव्यात. अमेरिकेला इथवर यायला साठहून अधिक वर्षं लागली.